पहिल्याच दिवशी निजलेल्या बाहुल्या

मथुराअक्कांनी अंजलीला पहिल्यांदा नीट पाहिलं ते दोन वर्षांपूर्वीच्या नवरात्रात, स्वतःच्याच घरात, आणि पाहिल्याबरोबर त्यांना तिचा राग आला.

राग येण्यासारखंच होतं. दिवाणखान्यात पायऱ्यांवर बाहुल्या मांडलेल्या, वरून माळांचे दिवे लुकलुकणारे, गल्लीतल्या बायका पदर सावरून कौतुकानं पुढे वाकलेल्या. आणि समोरच्या घरात नुकतीच भाड्यानं आलेली ही बाई बाहुल्यांकडे पाठ करून उभी होती. उघड्या दारातून ती आतल्या खोलीतल्या माळ्याकडे टक लावून बघत होती. माळ्यावर पितळेचे मोठे हंडे होते आणि माळ्याखाली पलंग.

"अक्का, त्या पलंगावर कोण निजतं?" तिनं विचारलं.

"मी आणि आमचे हे. का?"

"वर हंडे आहेत."

"आमच्या अत्तेंचे, सासूबाईंचे आहेत. त्या असल्यापासून तिथंच आहेत."

"तेच म्हणते. खाली काढून ठेवा. डोक्यावर जड काही असू नये."

हळदीकुंकवाला पहिल्यांदा आलेल्या बाईनं यजमानीणबाईंच्या पलंगाची चौकशी करावी, हे अक्कांनी आजवर पाहिलं नव्हतं. त्यांनी तिच्या हातावर हरभऱ्याच्या उसळीचा द्रोण ठेवला तो जरा जोरातच. रात्री जेवताना त्यांनी ही हकीकत नवऱ्याला सांगितली. रघुपतीराव शांतपणे म्हणाले, "म्हणजे तिनं हंडे बघितले, तू तिला बघत बसलीस. बाहुल्या कुणी बघितल्याच नाहीत म्हण की."

अक्का हसल्या नाहीत. बाहुल्यांवरून केलेली थट्टा त्यांना चालत नसे.

बेंगळुरूच्या बनशंकरी भागातल्या त्या गल्लीत मथुराअक्कांच्या घराला एक मान होता. त्यांचं कूळ शहाजीराजांबरोबर इकडे आलं असं घरात सांगत. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या शिवणकाम, घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. कन्नड मुलखात राहून त्यांनी दसऱ्याला बाहुल्या मांडायची इथली रीतही आपली केली. त्या बाहुल्यांना इथं गोंबे म्हणतात. सगळ्यात वरच्या पायरीवर राजा-राणीची लाकडी जोडी बसते, ती पट्टद गोंबे. लग्नात मुलीला ती माहेराहून मिळते. पहिल्या दिवशी ही जोडी उभी करायची, म्हणजे नवरात्र बसलं. दसऱ्याच्या संध्याकाळी तिला आडवं करून निजवायचं, म्हणजे नवरात्र उठलं.

अक्कांची जोडी रक्तचंदनाची होती. दरवर्षी त्या राणीला नवी साडी आणि राजाला नवा फेटा शिवत, उरलेल्या खणातून नव्हे, मुद्दाम आणलेल्या कापडातून. गल्लीतल्या बायकांचं हळदीकुंकू पहिल्या दिवशी अक्कांच्या घरून सुरू होई आणि मग पुढच्या घरांकडे जाई. असं कुणी ठरवलं नव्हतं. पण इतकी वर्षं तसंच चाललं होतं, आणि अक्कांना वर्षभर पुरेल एवढं सुख त्या एका संध्याकाळी मिळत असे. सून सुप्रीता आली, नोकरीला लागली, बाहुल्यांना हात लावायला तिला वेळ नव्हता. अक्कांनी ते मनाला लावून घेतलं नाही. पहिलं हळदीकुंकू आपलं आहे ना, मग झालं.

आता समोर ही अंजली आली होती.

दिसायला साधी. चाळिशी ओलांडलेली, ठेंगणी, केसांचा घट्ट अंबाडा, मनगटावर कायम थोडी साखर लागलेली. साखर लागलेली, कारण ती दोन गल्ल्या पलीकडच्या बेकरीत केक सजवायचं काम करायची. केकवर क्रीमची फुलं काढायची, साखरेची झाडं, घरं, मोटारी करायची, आणि ज्याचा वाढदिवस असेल त्याचं नाव लिहायची. कन्नड, तमीळ, इंग्रजी, कुठलंही अक्षर असो, समोर नमुना धरला की तिचा हात चुकत नसे. नवरा दत्ता मारतहळ्ळीच्या बाजूला एका कंपनीच्या गोदामावर होता. सकाळी जायचा तो रस्त्यावरच्या गर्दीतून सुटून काळोख पडल्यावर यायचा. दोघंही लातूरकडची.

तिच्या काही सवयी गल्लीला लवकरच पाठ झाल्या. ती पलंगाशी चपला आणि बॅटरी ठेवून निजायची. नव्या कुणाच्याही घरी गेली की आधी दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो ते बघायची. आणि सुट्टीच्या दिवशी गल्लीतली पोरं गोळा करून एक खेळ खेळायची. ती टाळी वाजवी आणि ओरडे, "वाका, झाका, धरा!" त्याबरोबर पोरांनी जिथं असतील तिथं वाकायचं, टेबलाखाली, बाकाखाली शिरायचं, डोकं हातांनी झाकायचं आणि टेबलाचा पाय घट्ट धरायचा. चुकेल तो बाद, आणि शेवटी जो उरेल त्याला केकचा कापून उरलेला तुकडा.

"हा कसला खेळ?" अक्कांनी एकदा कट्ट्यावरून विचारलं.

"भूकंप आला तर काय करायचं, त्याचा, अक्का."

"बेंगळुरूला भूकंप होत नाही. इथं खाली खडक आहे."

"आमच्याकडंही असंच म्हणायचे," अंजली म्हणाली आणि पुन्हा टाळी वाजवली.

तिनं त्यांना अक्का म्हणावं, हेसुद्धा अक्कांना खुपत होतं. इथल्या बायकांना हे नाव वापरायला बरीच वर्षं लागली होती आणि ही आल्या दिवसापासून असं हक्कानं म्हणे, जणू त्यांच्याच अंगणात वाढलेली. त्यात तिला बोलवायला कुणी ना कुणी सारखं दारात. वरच्या मजल्यावरची सिद्धी, पुण्याहून आलेली, सॉफ्टवेअरमधली, जी अक्कांशी कायम "हाय आंटी" एवढंच बोले, तीही अंजलीकडे चहाला जाऊन बसे. भाजीवाला मल्लाप्पा अक्कांना भाव सांगायचा आणि अंजलीला कोथिंबीर फुकट द्यायचा. अक्का हे सगळं खिडकीतून बघत आणि मनात एकेक गोष्ट टिपून ठेवत. ते टिपण कधी संपत नसे.

सगळ्यात जास्त लागली ती सुप्रीताची गोष्ट. ज्या सुनेला बाहुल्या पुसायला वेळ नव्हता, ती रविवारी दुपारी समोर जाऊन अंजलीबरोबर साखरेची घरं करायला शिकत होती.

"काय असतं तिथं एवढं?" अक्कांनी विचारलं.

"काही नाही अत्ते. हाताला काम आणि गप्पा."

"काम इथं नाही होय?"

सुप्रीता हसली. "इथं तुम्ही करू कुठं देता?"

यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच अक्कांचा दिवस वाया गेला.

पुढच्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीला अफगाणिस्तानात भूकंप झाला. डोंगरातली गावं, दगडमातीची घरं, वर जड छप्पर, आणि वेळ लोक निजलेले असतानाची. टीव्हीवर ढिगारे दिसले. बहुतेकांनी दोन दिवस बघितलं आणि पुढे गेले. अंजली मात्र दोन दिवस बेकरीत गेली नाही. तिसऱ्या दिवशी ती सुप्रीताला म्हणाली, "मी यंदा बाहुल्या मांडणार."

"तुमच्याकडे रीत आहे?"

"नाही. पण बाहुल्या मांडल्या की बायका बघायला येतात ना? मला त्या यायला पाहिजेत. एकदा यायला पाहिजेत बस्स. घरी गेल्यावर प्रत्येकीनं आपल्या पलंगावरचं जड काढलं तरी पुष्कळ झालं."

सुप्रीतानं हे घरी येऊन सांगितलं आणि अक्कांचा घास हातात राहिला. बायका यायला पाहिजेत. सरळ बोलायचं तर, आमच्या घरून उठून तिकडं जायला पाहिजेत.

"सरी, बरंय," अक्का म्हणाल्या. "मांडू दे की. पायऱ्या तरी आहेत का तिच्याकडं?"

पायऱ्या नव्हत्याच. अंजलीनं एक मोठी फळी घेतली, तिच्याखाली काचेच्या गोट्या ठेवल्या आणि फळीला दोरी बांधली. फळीवर गाव वसवलं. शाडूची माती, बारीक खडे, मातीची जड सपाट छपरं, जशी तिच्या मुलखात असतात तशी माळवदाची घरं. दोन आळ्या. एका आळीतल्या भिंती नुसत्या गोल खड्यांच्या, मातीनं लिंपलेल्या. दुसऱ्या आळीतल्या भिंती तशाच, पण मध्ये मध्ये भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड, आणि छपराखाली चारी बाजूंनी एक पक्का पट्टा. दोन्ही आळ्यांतल्या घरांत बोटाएवढ्या कापडी बाहुल्या. सगळ्या निजलेल्या, अंगावर चिंध्यांच्या वाकळी. फळीपुढे एक समई, अफगाणिस्तानात गेलेल्यांसाठी.

नवरात्र बसलं. अक्कांनी नेहमीसारखी जोडी उभी केली, राणीला अबोली रंगाची साडी नेसवली, उसळ केली, कुंकवाचं तबक घेऊन दारात उभ्या राहिल्या. समोरच्या दारात चपलांचा ढीग वाढत चालला होता. आतून पोरांचा एकदम गलका उठे, मग शांतता, मग पुन्हा गलका. अक्कांच्या दारात पहिली बाई आली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती, आणि ती आल्याआल्या म्हणाली, "अक्का, समोर बघितलंत का हो?"

त्या रात्री अक्कांनी उसळ फ्रीजमध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्का स्वतःच समोर गेल्या. बघायला म्हणून. घर भरलेलं होतं. अंजली फळीशेजारी बसून बायकांना एकेकीला विचारत होती, "तुमच्या उशाच्या वर काय आहे?"

"आमच्या? ड्रेसिंग टेबलचा आरसा. हेवी आहे खूप," सिद्धी म्हणाली. "त्याच्याबद्दल कधी थिंकच नव्हतं केलं."

"माझ्या डोक्यावर आमच्या ह्यांच्या आईचा फोटो," मागून कुणीतरी म्हणालं. "चांगला जाड काचेचा. तो काढायची छाती नाही माझी!"

बायका हसल्या. अंजलीही हसली. "फोटो राहू दे. पलंग सरकवा."

"पण ते तिकडचे लोक," एका वयस्क बाईनं समईकडे बोट दाखवत विचारलं, "अफगाणिस्तानातले. ते आपले कोण?"

अंजलीनं समईची वात सारखी केली. "आमच्याकडं झाला तेव्हा कांबळी आली होती. त्यांच्यावर कसली अक्षरं होती, गावात कुणालाच वाचता येईनात. कुणाची होती अजून माहीत नाही. ऊब मात्र चांगली होती."

मग तिनं दोरी ओढली. फळी गोट्यांवर थडथडली. पहिली आळी बघता बघता बसली, छपरं भिंतींवर आणि भिंती बाहुल्यांवर. दुसरी आळी हादरली, एकदोन खडे सुटले, पण घरं उभी राहिली. पोरं ओरडली आणि एकदम गप्प झाली. अंजली खडे बाजूला करून त्या बोटभर बाहुल्या एकेक करून बाहेर काढू लागली. झटकून, पुसून, वाकळीवर पुन्हा आडव्या ठेवू लागली.

साऱ्या घराचं लक्ष तिच्या हातांकडे होतं. अक्कांनी ते पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांच्या रक्तचंदनाच्या राणीकडे कुणी असं बघितलं नव्हतं. आणि त्याच क्षणी त्यांना ते दिसलं, जे बाकीच्यांच्या नजरेतून निसटलं होतं.

"अगोबाई," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. त्याची गरजच नव्हती. "पहिल्याच दिवशी बाहुल्या निजवल्यात? निजवतात ते दसऱ्याला. म्हणजे नवरात्र उठलंच की इथं."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. रीत सगळ्यांना ठाऊक होती. एकीनं मुलाचा हात धरला. दुसरीला कुकर आठवला. अंजली फळीशी बसून वर बघत राहिली. आपलं काय झालं ते तिला कळलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिच्या दारात चपला नव्हत्या. चौथ्या दिवशीही नाहीत. अक्कांकडे मात्र रांग लागली. त्यांनी उसळ दुप्पट केली, राणीच्या गळ्यात मोत्यांची जास्तीची सर घातली, आणि प्रत्येकीला "स्वल्प बसा की" म्हणून थांबवून घेतलं. सारं पुन्हा होतं तसं झालं होतं. तरी येणारी प्रत्येक बाई जाताना समोरच्या बंद दाराकडे एकदा बघत होती, आणि अक्का तिच्याकडे बघत होत्या.

"अत्ते," सुप्रीता चौथ्या दिवशी भांडी घासता घासता म्हणाली, "तुम्ही बोललात ते रीतीला धरूनच होतं."

"मग?"

"पण ते बोलताना तुम्हाला बरं वाटत होतं."

पुढचं ऐकू येऊ नये म्हणून अक्कांनी नळ मोठा सोडला.

पाचव्या दिवशी दुपारी अंजली स्वतःच आली. हातात झाकलेलं भांडं. ते ओट्यावर ठेवून म्हणाली, "उसळ आहे, अक्का. माझ्याकडं कुणी खाणारं नाही. बायका येईनात. सुप्रीताला विचारलं तर ती खाली बघते. माझं काय चुकलं तेवढं सांगा."

अक्कांना शिकवायला आवडे. त्यांनी तिला पायऱ्यांपुढे नेलं, वरची जोडी दाखवली, पट्टद गोंबे म्हणजे काय ते सांगितलं. उभ्या आहेत तोवर नवरात्र, आडव्या केल्या की संपलं. दसऱ्याआधी बाहुली आडवी करणं म्हणजे देवीला जा म्हणणं. सांगता सांगता त्यांचा आवाज नकळत मऊ झाला, कारण जिंकलेल्या माणसाला तेवढी सवड असते.

अंजलीनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी त्यांना उभं करू?"

"इतकंच तर आहे. उभ्या कर, मी सांगते सगळ्यांना."

"उभं कसं करू, अक्का?" ती म्हणाली. "सगळी निजलेलीच होती."

अंजली पायऱ्यांशेजारी जमिनीवर बसली आणि हळदीकुंकवाच्या तबकाकडे बघत बोलू लागली.

"गणपती बोळवून आलो होतो त्या रात्री. सगळे दमलेले. आईनं लातूरहून धाकटीला फ्रॉक आणला होता, झालरीचा. मला नाही. म्हणाली, तुझा मागच्या दिवाळीचा आहे की चांगला. मी जळले नुसती. धाकटी तो घालून गावभर नाचली, मी बघत होते. घरी आल्यावर आईनं तो धुऊन अंगणात दोरीवर टाकला. रात्री धाकटी आईच्या कुशीत. मी वाकळ उचलली आणि अंगणात बाजेवर जाऊन निजले. आई हाका मारत होती, आत ये, गार आहे. मला ऐकू येत होतं. मी मुद्दाम बोलले नाही."

बाहेर मल्लाप्पा ओरडत गेला. ती थांबली, तो जाईपर्यंत.

"पहाटे अंगण राहिलं आणि मी राहिले. फ्रॉकही राहिला दोरीवर. मला तो बसत नव्हता."

जळणं म्हणजे काय, हे मथुराअक्कांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. अशा वेळी माणसं बोलतात तसं त्या भलतंच बोलल्या.

"आम्ही तेव्हा परकर पाठवले होते. किल्लारीला. आमच्या अत्तेंनी गल्लीतल्या सगळ्या शिवणाऱ्या बायका बसवल्या. मी नवी सून होते. पाठीचा काटा ढिला होईतो शिवले."

अंजलीनं मान वर केली. "परकर? आमच्याकडं आले होते परकर. ढीगच्या ढीग. सुरेख शिवण होती." तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पालटत गेलं. "पण नाड्या नव्हत्या."

"नाडी शिंपी घालत नाही," अक्का लगेच म्हणाल्या. "रीतच नाही. नाडी गिऱ्हाईक घालतं."

"गिऱ्हाईक पत्र्याच्या शेडात होतं, अक्का!"

"अगं, पण..."

"माझी आजोळची आजी कंबरेला सुतळी बांधून हिंडायची. दिवसभर म्हणायची, कोण ते शहाणे, एवढा परकर शिवला आणि हातभर नाडी जड झाली! एकदा सरपंचांसमोर सुतळी तुटली." अंजलीला हसू आवरेना. "ते परकर तुमचे होय?"

"आमचेच असतील कशावरून?" अक्का फणकारल्या, आणि त्यांनाही हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी येईतो दोघी हसल्या. ते सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं, पण दोघींपैकी कुणी डोळे पुसले नाहीत.

अंजली गेल्यावर अक्का बराच वेळ पायऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. वरच्या पायरीवर राजा-राणी ताठ उभी होती. लग्नाच्या मांडवातून आली तेव्हापासून ती जोडी या घराबाहेर कधी गेली नव्हती. जोडी जिथं उभी, तिथं नवरात्र. बाकीच्या बाहुल्यांनी मग निजावं की बसावं, याला रीतीत कुठं काही अडकाठी नव्हती. हे अक्कांना मघाशी अंजलीला शिकवतानाही ठाऊक होतं. फक्त ते सांगावंसं वाटलं नव्हतं. कारण जोडी जिथं उभी, पहिलं हळदीकुंकूही तिथलंच.

"अहो," त्यांनी हाक मारली. "जरा तो स्टूल धरा."

रघुपतीरावांनी स्टूल धरला. अक्कांनी जोडी उतरवून पदरात घेतली तेव्हा ते म्हणाले, "आणि इथं वर काय ठेवणार?"

"नारळ."

समोर जाऊन त्यांनी राजा-राणी फळीच्या टोकाशी, गावाकडे तोंड करून उभी केली. राखण करणाऱ्यांसारखी. अंजलीला बजावलं, "राणीची नथ सैल आहे, हात लावायचा नाही. समईचं तेल जरीला लागता कामा नये. आणि दोरी ओढताना आधी ह्यांना उचलून घ्यायचं, ह्यांना कसला भूकंप नको." मग कट्ट्यावर येऊन त्यांनी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "यंदा पट्टद गोंबे अंजलीकडं आहेत. हळदीकुंकू तिथनं सुरू."

बायका गेल्या. चपलांचा ढीग पुन्हा वाढला. आतून पुन्हा तो गलका आणि ती शांतता. सुप्रीता आणि सिद्धी यांनी मिळून गल्लीतून मदत गोळा केली आणि अफगाणिस्तानात काम करणाऱ्या संस्थेला पाठवली. अक्का आपल्या दारात कुंकवाचं तबक घेऊन उभ्या राहिल्या आणि प्रत्येक बाई आधी समोर वळताना त्यांच्या पोटात दुखलंच. दररोज दुखलं. जोडी देऊन ते दुखणं कमी होईल, असं त्यांना वाटलंही नव्हतं. नारळाकडे त्या शक्यतो बघत नसत.

दसऱ्याच्या संध्याकाळी अंजलीनं त्यांना बोलावून नेलं. "निजवायचं तुम्ही. मला नाही जमणार." अक्कांनी राजाचा फेटा उतरवला, राणीची साडी नीट केली आणि दोघांना फुलांवर आडवं केलं. नवरात्र उठलं. मग अंजलीनं गावातल्या बोटभर बाहुल्या वाटल्या, येईल त्याला एक. अट एकच: घरात जिथं वर जड काही नसेल, त्याच जागी हिला निजवायचं. पोरं धावत घरी गेली आणि आयांना पलंग सरकवायला लावू लागली.

अक्कांनी मागितली नाही. मागणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. शेवटची बाहुली अंजलीनं मुठीत धरून ठेवली होती.

"ही तुमची. पण देणार नाही अजून."

"का गं?"

"हंडे."

अक्कांनी तिच्याकडे रागानं बघितलं. अगदी त्या पहिल्या दिवशी बघितलं होतं तसं. दुसऱ्या दिवशी रघुपतीराव आणि सुप्रीता यांनी मिळून माळ्यावरचे हंडे खाली उतरवले, आणि ते आता मागच्या अंगणात आहेत, एकात तुळस आणि एकात कढीपत्ता. बाहुली अक्कांच्या उशाशी निजते.

अंजली अजून समोरच्याच घरात राहते. आठवडाभर बेकरीत केकवर नावं लिहिते, आणि शनिवारी दुपारी जवळच्या शाळेत जाऊन पोरांना वाका, झाका, धरा शिकवते.